आपली हरकत नाहीं ना?

सिगार ओढणाऱ्यांचा म्हणून एक स्वतंत्र शिष्टाचार आहे, आणि तो मोठ्या बारकाईनें बांधलेला आहे. टोक दांतानें तोडूं नये, त्यासाठीं असलेल्या कातरीनें बेतानें छाटावें. पेट्रोलच्या लायटरची ज्योत लावूं नये, कारण तिचा वास पानाला लागतो; लांब काडी किंवा देवदाराची पातळ ढलपी पेटवून तिच्या धगीवर सिगारचें तोंड हळूहळू फिरवावें. झुरका घाईनें घेऊं नये. धूर छातींत न ओढतां तोंडांत घोळवून सोडावा. राख बोटानें वारंवार झाडूं नये, ती आपल्या भारानें पडेपर्यंत धीर धरावा. आणि शेवटीं उरलेला तुकडा राखदाणींत चिरडूं नये. तो तसाच ठेवावा, म्हणजे आपोआप शांत होतो. एखाद्या वृद्ध आप्ताला निरोप द्यावा इतक्या हळुवारपणें तो तुकडा विझूं द्यावयाचा असतो. या साऱ्या संहितेंत त्या पानाच्या गुंडाळीविषयीं जितका जिव्हाळा आहे, त्याचा चौथा हिस्सा शेजारीं बसलेल्या माणसाविषयीं असता, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

हा शिष्टाचार परक्या मुलखांतील क्लबांपुरता होता तोंवर त्याची चिकित्सा करण्याची आम्हांस गरज वाटली नसती. परंतु आतां तो दारांत आला आहे. पनवेलच्या भोंवतालच्या खेड्यांतून मुंबईकर धनिकांचीं शेतघरें उभीं राहिलीं आहेत; शेत नांवापुरतें आणि घर मात्र खरें, असा तो प्रकार. शनिवारीं सायंकाळीं तेथें मोटारी येऊन लागतात, ओसरीवर खुर्च्या मांडल्या जातात, आणि जेवणानंतर सिगारची पेटी फिरते. अशा दोन-तीन बैठकींस आम्ही पाहुणे म्हणून हजर राहिलों आहों. यजमानांच्या आदरातिथ्याविषयीं आमची तक्रार नाहीं. एका ठिकाणीं तर एका तरुण पाहुण्यानें राख झाडण्याची घाई केली म्हणून त्यास वडिलकीच्या नात्यानें समजही देण्यांत आली. त्याच वेळीं त्याच ओसरीवर एक गर्भवती स्त्री पदर नाकाला लावून बसली होती. तिला कोणीं विचारलें नव्हतें असें नाहीं. पेटी उघडण्यापूर्वीं यजमानांनीं सर्वांकडे हंसून पाहिलें होतें आणि 'आपली हरकत नाहीं ना?' असें म्हटलें होतें. त्या चार शब्दांविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे.

पनवेल हें गांव मुळांतच येणाऱ्याजाणाऱ्यांचें. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून आगगाडीचे दिवस येईपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि येथून घाटाच्या वाटेला लागे. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली. २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. मधल्या काळांत बंदराचें महत्त्व गेलें आणि त्याची जागा रेल्वेच्या जंक्शननें, एस. टी.च्या स्थानकानें, द्रुतगति मार्गानें आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर रांगेनें उभ्या राहणाऱ्या मालमोटारींनीं घेतली. अनोळखी माणसांनीं दाटीवाटीनें एकत्र बसण्याचे जितके प्रसंग या गांवाच्या वाट्याला आले, तितके थोड्याच गांवांच्या वाट्याला आले असतील. तेव्हां परक्याच्या शेजारीं बसून धूर सोडावा कीं सोडूं नये, हा प्रश्न येथें शेतघरांनीं आणलेला नाहीं. सिगारही आम्हांस नवी नाहीं. चिरूट हा शब्द मूळचा तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळीं विलायतेपर्यंत जात असत. नवा आहे तो फक्त तिच्याभोंवतींचा डौल.

आणि तंबाखूचें म्हणाल, तर तिच्याशीं आमची ओळख चारशें वर्षांची आहे. ती पोर्तुगीजांबरोबर या देशांत आली. १६०५ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा सरदार विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें तंबाखू आणि रत्नें जडविलेली नळी बादशहापुढें ठेवली. बादशहानें दोन झुरके घेतले आणि दरबारच्या हकीमानें तेथल्या तेथें नापसंती दर्शविली. तिकडे इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध स्वतःच्या हातानें पुस्तिका लिहिली होती. १६१७ मध्यें जहांगीरानें बंदीचा हुकूम काढला. तंबाखूनें या दोन्ही राजांस दाद दिली नाहीं. इतक्या दीर्घ सहवासांत एखाद्या समाजानें धुराविषयीं कांहीं तरी शहाणा रिवाज घडविला असेल, अशी अपेक्षा करणें गैर नव्हे.

आम्हीं रिवाज घडविला, आणि तो कडकही होता. वडीलधाऱ्यांसमोर ओढूं नये. घरचा कर्ता मुलगा, स्वतः दोन लेकरांचा बाप झालेला, विडी ओढावयाची तर आळीच्या टोकाला जाई. विडी मुठींत उलटी धरी, म्हणजे निखारा तळहाताकडे राहतो आणि दुरून दिसत नाहीं. समोरून चुलता येतांना दिसला कीं हात पाठीमागें जाई, तोंडांतला धूर तोंडांतच राही, डोळ्यांत पाणी येई, आणि तशा स्थितींत 'काका, बाजाराला निघालांत वाटतें?' असें नाकानें विचारणें होई. मग लवंग किंवा सुपारी चघळून तो घरांत शिरे. या रिवाजांत एक गोडवा आहे. आम्ही तो नाकारीत नाहीं. परंतु जे लोक सांगतात कीं, 'आपल्या संस्कृतींत हा विचार आधींच होता, आम्हांस साहेबाचा शिष्टाचार नको', त्यांस आमचें विचारणें एवढेंच कीं, या रिवाजानें राखिलें काय? चुलत्याचा मान राखला. चुलत्याची छाती राखण्याचा त्यांत विचार नव्हता, कारण चुलता स्वतः दिवसाकाठीं विड्यांचा जुडगा संपवीत असे, आणि तोही सर्वांच्या देखत, ओसरीवर, नातवाला मांडीवर घेऊन. तोच मुलगा ज्या दिवशीं घरांतला वडील होई, त्या दिवसापासून त्याची विडी आळीच्या टोकावरून ओसरीवर येई. चिलमीवर ठेवावयाचा निखारा चुलींतून सुनेनें आणून द्यावयाचा. धुराविषयीं तिचें मत विचारण्याची कल्पनाच कोणास शिवली नाहीं. आदर खालून वर जात होता आणि धूर वरून खालीं येत होता.

ही जुनी गोष्ट झाली असें कोणास वाटत असेल तर त्यानें घाट चढणाऱ्या एखाद्या मालमोटारीची केबिन आठवावी. क्लीनर म्हणून असलेला पोरगा उस्तादासमोर विडी पेटवीत नाहीं. तें अदबीला सोडून होईल. उस्ताद मात्र रात्रभर जागें राहण्यासाठीं एकीवर एक पेटवितो, कांच थंडीमुळें वर केलेली असते, आणि तो अदबशीर पोरगा तिकडून इकडे येईपर्यंत कित्येक विड्या न ओढतांच ओढून मोकळा होतो. जो शिष्टाचार केवळ वरच्याच्या मानाची काळजी वाहतो आणि खालच्याच्या श्वासाची वाहत नाहीं, त्यास दरबारी रीत म्हणावें. सभ्यता निराळी.

चिलमीच्या बैठकीविषयीं मात्र आम्ही दोन शब्द बरे बोलूं. ती बहुधा पारावर किंवा चावडीच्या कोपऱ्यांत बसे; तिच्यांत येणारा ओढण्यासाठींच येई. छापी पाण्यांत भिजवून चिलमीच्या बुडाशीं गुंडाळावयाची आणि ती डावीकडून उजवीकडे फिरवावयाची, हा सगळा सोहळा ओढणाऱ्यांनीं ओढणाऱ्यांसाठीं केलेला असे. न ओढणारा तिकडे फिरकत नसे आणि त्यास कोणी आग्रहही करीत नसे. आजच्या ओसरीवरील बैठकींत नेमकी हीच गोष्ट राहिलेली नाहीं.

साहेबाच्या शिष्टाचाराचें काय? येथें आमचे सिगारभक्त मित्र स्वतःस त्याचे वारस म्हणवितात, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांतील इंग्रज गृहस्थ जेवणघरांत स्त्रियांसमोर सिगार पेटवीत नसे. तो उठून धूम्रपानासाठीं राखलेल्या निराळ्या खोलींत जाई. तेथें जाण्यापूर्वीं अंगावर निराळा कोट चढवी, कीं धुराचा वास नेहमींच्या कपड्यांना लागूं नये. आणि परत येतांना तो कोट उतरवून ठेवी. १८६८ च्या रेल्वे कायद्यानें तेथील आगगाड्यांत ओढणाऱ्यांसाठीं निराळे डबे जोडणें कंपन्यांना भाग पाडलें. त्या रिवाजांत स्त्रियांस नाजूक बाहुल्या समजण्याचा जो भाग होता तो आम्हांस मान्य नाहीं, आणि स्वयंपाकघरांतील मोलकरणीसमोर तो गृहस्थ काय करीत असे हेंही विचारतां येईल. तरीपण उठून जाण्याचें कष्ट त्यानें स्वतःकडे घेतले होते, इतरांकडे ढकललेले नव्हते. आमच्याकडे त्याची सिगार आली, कातरी आली, देवदाराची पेटी आली. ती निराळी खोली तेवढी बोटींत चढावयाची राहिली.

आतां कायद्याकडे वळूं. कारण या बाबतींत कायद्याची भाषा ही सभ्यतेच्या भाषेहून अधिक बोलकी आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमांत असें होतें कीं, धूम्रपानासाठीं मुद्दाम राखलेला डबा सोडून अन्य डब्यांत जो कोणी सहप्रवाशांच्या संमतीवांचून धूम्रपान करील, त्यास वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. पुढें १९८९ सालीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें नवा रेल्वे कायदा केला. त्याच्या १६७ व्या कलमांत म्हटलें आहे कीं, डब्यांतील दुसऱ्या प्रवाशानें हरकत घेतल्यास कोणीं तेथें धूम्रपान करूं नये. दंड शंभर रुपयांपर्यंत. रेल्वेला सरसकट मनाई करण्याचा अधिकारही याच कलमानें दिला आहे, हें सांगितलें पाहिजे. परंतु वाचकांनीं ते दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत: संमति आणि हरकत. पहिल्या कायद्यांत गप्प बसलेला प्रवासी हा नकार देणारा प्रवासी होता. त्याच्या तोंडून होकार मिळविण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर होती. दुसऱ्या कायद्यांत गप्प बसलेला प्रवासी हा होकार देणारा ठरला. आतां तोंड उघडण्याचें काम त्याचें. परक्या सरकारनें केलेल्या कायद्यापेक्षां आपल्या सरकारनें केलेला कायदा या एका शब्दापुरता मागें गेला, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

जुन्या कलमाचें पालन तरी होत होतें काय? तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत तें फारसें होत नसावें. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत लिहून ठेविलें आहे कीं, ओढणाऱ्यांनीं भरलेल्या डब्यांतून प्रवास करणें आपणांस असह्य होतें, जीव गुदमरतो. ज्या माणसानें साऱ्या साम्राज्यापुढें हरकत घेतली त्याचा जीव जेथें गुदमरत होता, तेथें हरकत घेण्याचें काम सामान्य प्रवाशानें करावें, ही अपेक्षा किती भाबडी आहे हें वेगळें सांगावयास नको.

आणि मराठींत तर ती अपेक्षा भाबडी नव्हे, अशक्यच आहे. 'आपली हरकत नाहीं ना?' हा प्रश्न व्याकरणानें प्रश्न आहे. व्यवहारांत ती सूचना आहे. 'नाहीं ना' या प्रयोगांत उत्तर आधींच घालून ठेवलेलें असतें; ऐकणाऱ्यानें त्यावर मान डोलवावयाची एवढेंच उरतें. 'जेवलांत ना?', 'बरें आहे ना?', 'राग नाहीं ना आला?' या प्रश्नांना आपण काय उत्तर देतों तें आठवून पाहावें. त्यांतच हातांत सिगार, दुसऱ्या हातांत काडी, आणि ओंठांवर स्मित, अशा थाटांत तो विचारला गेला, कीं समोरचा म्हणतो, 'छे, छे! ओढा कीं, खुशाल ओढा.' 'होय, माझी हरकत आहे' असें मराठी वाक्य आम्हीं कोर्टांत ऐकलें आहे, ग्रामसभेंत ऐकलें आहे; दिवाणखान्यांत अद्याप ऐकलेलें नाहीं. जो तें उच्चारील तो त्या क्षणापासून बैठकीचा विरस करणारा ठरतो. धूर करणारा रसिक, आणि खोकणारा सोवळा!

शिवाय विचारणारा कोण आणि ज्यास विचारलें तो कोण, याचा हिशेब कोणी करीत नाहीं. मुलीचा बाप व्याह्याला हरकत सांगेल काय? कारकून साहेबाला, ठेकेदार अभियंत्याला, नवी सून मामंजींना, भाडेकरू घरमालकाला? ज्याच्या नकाराची किंमत नकार देणाऱ्याला मोजावी लागते, त्याच्याकडे परवानगी मागणें म्हणजे त्याच्या खिशांतून आपल्या चैनीचे पैसे देणें होय. सिगारच्या संहितेचे पुरस्कर्ते म्हणतात, 'आम्ही विचारतों, हेंच पुष्कळ. विडी ओढणारे तर विचारीतही नाहींत.' आम्हांस उलट वाटतें. न विचारतां विडी पेटविणाऱ्या माणसाला निदान आपण 'अहो, जरा तिकडे' असें म्हणूं शकतों, कारण त्यानें आपल्या तोंडून आधीं होकार काढून घेतलेला नसतो.

आतां आक्षेपांचा समाचार घेऊं. सर्वांत भारी आक्षेप स्वातंत्र्याचा. 'माझी छाती, माझा पैसा, माझें घर.' मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आगरकरांनीं मराठींत व्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष मांडला तेव्हां त्यांच्यापुढें मिल होता. परंतु त्याच मिलनें स्वातंत्र्याची हद्द जेथें आंखली ती जागा म्हणजे दुसऱ्याला होणारी इजा. तुमच्या छातीवर तुमची सत्ता आहे, आम्ही ती मान्य करतों. धूम्रपान सोडा असा उपदेश या लेखांत आम्ही केलेला नाहीं आणि करणारही नाहीं. पण तंबाखू हा असा एक विचित्र उपभोग आहे कीं, दारू पिणाऱ्याच्या घोटांतला अर्धा शेजाऱ्याच्या घशांत उतरत नाहीं, आणि हिचा उतरतो.

दुसरा आक्षेप चतुर आहे. 'सिगार छातींत ओढीत नाहींत, म्हणून ती सौम्य.' ओढणाऱ्याला सौम्य असेल. पण तोंडांत घोळवून बाहेर सोडलेला तो धूर जातो कोठें? मोठ्या एका सिगारमध्यें सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते, आणि ती तासभर जळत राहते. ओढणारा मधूनमधून झुरका घेतो. बाकीचा सारा वेळ तिचें टोक आपल्या आपण जळत असतें, आणि तो धूर कोणाच्याही तोंडांतून गाळून न येतां सरळ खोलींत पसरतो. छातींत न घेणारा ओढणारा हा त्या बैठकींतला कदाचित् एकटाच सुरक्षित म्हणवून घेणारा. त्याच्या शेजाऱ्यांना श्वास रोखून धरण्याची कला अवगत नसते. जपानांतील हिरायामा यांनीं स्वतः कधींही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांवर चौदा वर्षें लक्ष ठेवून १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, नवरा जितका अधिक ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक. त्यावर तंबाखूच्या कंपन्यांनीं पुष्कळ गहजब केला. पण पुढच्या संशोधनांनीं तो निष्कर्ष पक्काच होत गेला. २००६ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानें, परक्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. हें आतां वादाचें राहिलेलें नाहीं.

तिसरा आक्षेप, 'तळोज्याच्या कारखान्यांचा आणि महामार्गावरच्या मोटारींचा धूर चालतो, मग आमचाच काय डोळ्यांत खुपतो?' चालत नाहीं, महाराज. परंतु त्या धुराविरुद्ध निदान अर्ज करतां येतो. आणि कोणी कारखानदार चिमणी पेटविण्यापूर्वीं आमच्याकडे पाहून हंसत नाहीं.

चौथा आक्षेप पंडिती आहे आणि तो ऐकून आम्हांस गंमत वाटली. 'धूमपान तर चरकानेंही सांगितलें आहे.' सांगितलें आहे खरें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत औषधी वनस्पतींची वर्ती, नळीची लांबी, दिवसांतल्या आठ वेळा, सारें आहे. त्यांत तंबाखू असणें शक्य नव्हतें, कारण ती तेव्हां समुद्रापलीकडे होती. पण पनवेलसारख्या, जेथें १८७२ पासून आयुर्वेदीय औषधांचा कारखाना नांदतो आहे, अशा गांवांत तरी हा दाखला देणाऱ्यानें तो अध्याय पुढें वाचावयास हवा होता. कोणीं धूम घेऊं नये याची यादीही तेथेंच आहे, आणि तिच्यांत गर्भिणीचें नांव आहे. चरकाचा धूम हा ज्याला द्यावयाचा त्यालाच, त्याची प्रकृति पाहून, मोजून दिलेला होता. आमच्या ओसरीवरचा वैद्य एक वर्ती पेटवितो आणि घरांतल्या सर्वांना एकच मात्रा पाजतो.

राहतां राहिला आजचा कायदा. २ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुरली देवरा यांच्या अर्जावर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २००३ सालीं संसदेचा कायदा झाला. आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नवे नियम अमलांत आले. रेल्वे स्थानक, बसस्थानक, कचेरी, नाट्यगृह, उपाहारगृह, सर्वत्र मनाई, आणि दंड दोनशें रुपयांपर्यंत. येथें विडीवाला आणि सिगारवाला यांच्यावर कायद्याची नजर सारखी पडते असें दिसतें. पण दिसतें तेवढेंच. दोनशें रुपये हा हमालाच्या दिवसभराच्या कमाईला पडलेला मोठा खड्डा आहे, आणि परदेशी सिगार ज्या किंमतीला मिळते तिच्यापुढें तो सुटा पैसा आहे. शिवाय तीस खोल्यांचें हॉटेल किंवा तीस आसनांचें उपाहारगृह यांत ओढणाऱ्यांसाठीं निराळी जागा ठेवण्याची सवलत आहे, एस. टी.च्या फलाटावर ती नाहीं, आणि नसावीच. त्या निराळ्या जागेंत दुसरी कोणतीही सेवा देऊं नये असें २०१७ मध्यें नियमांत घातलें गेलें, तें फार बरें झालें. कारण पेले घेऊन आंत-बाहेर करणाऱ्या पोऱ्याला 'आपली हरकत नाहीं ना?' असें तोंवर कोणी विचारीत नव्हतें.

कायदा शेतघराच्या फाटकाशीं थांबतो. तें खासगी घर आहे. तेथें शिपाई येणार नाहीं आणि येऊं नये असेंच आमचेंही मत आहे. पण म्हणूनच तेथें सभ्यतेची खरी परीक्षा आहे. त्या घरांत शनिवारीं रात्रीं कोण कोण असतें? पाहुणे असतात, त्यांच्या बायकामुलें असतात. आणि आणखी एक कुटुंब असतें, ज्याची गणना पाहुण्यांत होत नाहीं आणि यजमानांतही होत नाहीं. राखणदार, त्याची बायको, त्यांचीं लेकरें. बहुधा जवळपासच्या पाड्यावरचीं किंवा गांवचीं, कित्येकदां ज्या जमिनीवर तें घर उभें आहे तिच्यावर पूर्वीं राबलेलीं. ती बाई भाकऱ्या थापून ओसरीवर आणते, रिकामीं ताटें उचलते, राखदाण्या बदलते. तिचें पोर दारच्या चौकटीला टेकून मोटारी पाहत उभें असतें. 'आपली' या आदरार्थी सर्वनामांत त्या बैठकीचा यजमान कोणाकोणाला धरतो, हें एकदां कोणीं तरी त्यास विचारावें. २०१६–१७ च्या पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांत धूम्रपान करणारे शंभरांत चारही भरत नाहींत. तंबाखू चघळणारे मात्र चोविसांवर आहेत. म्हणजे ज्या प्रांतांत शहाण्णवांहून अधिक माणसें ओढीत नाहींत, तेथें हरकत घेण्याचा भार त्या शहाण्णवांनीं वाहावयाचा, आणि चौघांनीं फक्त हंसून विचारावयाचें! चघळणारे रस्ते रंगवितात त्याचा समाचार दुसऱ्या एखाद्या अंकांत घेऊं. तोही भरपूर घेण्याजोगा आहे.

मग करावें काय? आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, विचारणें बंद करावें. ज्यास ओढावयाची आहे त्यानें उठावें, सिगार हातांत घ्यावी, आणि बाहेर जावें; जातांना क्षमा मागण्याची गरज नाहीं, आणि कोणीं त्याला 'बसा हो, येथेंच ओढा' असा आग्रहही करूं नये. हा आग्रह करणारे न ओढणारे लोकच पुष्कळदां असतात, आणि त्यांच्या या फुकटच्या औदार्याचा खर्च तिसऱ्याच कोणावर पडतो. ज्या खोलींत मूल निजावयाचें आहे तींत तें येण्यापूर्वींही ओढूं नये. पडदे आणि गाद्या धूर धरून ठेवतात, हें जुन्या इंग्रजाला कळत होतें म्हणून तो कोट बदलीत होता. मोटारींत तर मुळींच नाहीं. कांच चार बोटें खालीं केली म्हणजे प्रायश्चित्त झालें, ही समजूत टाकून द्यावी. बाहेर जाणाऱ्याची हेटाळणी होऊं नये म्हणून यजमानानें बाहेर एक चांगली खुर्ची, एक दिवा आणि राखदाणी आधींच मांडून ठेवावी. ओढणाराही पाहुणाच आहे, आणि त्याला कुंपणाशीं उभें करणें आम्हांस रुचत नाहीं.

ती खुर्ची कोठें मांडावी, याचाही थोडा विचार हवा. आमच्या बाजूस पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हां ती घराच्या ईशान्य अंगास ठेवली म्हणजे धूर घरांत न शिरतां शेताकडे निघून जातो. हिवाळ्याच्या रात्रीं वारा फिरतो, तेव्हां खुर्चीही फिरवावी लागेल. मात्र बहुतेक शेतघरांत राखणदाराची खोली मागच्या बाजूस, कुंपणाला लागून बांधलेली असते. खुर्ची मांडण्यापूर्वीं त्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला उघडते, तेवढें आधीं चालत जाऊन पाहून यावें.